शिल्लक गोळ्या

नोव्हेंबर लागला की आमच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप, टॅक्सचे कागद, ग्रीन कार्डाची झेरॉक्स आणि समोर कोणाचे तरी आई-वडील, असं गेली दहा-अकरा वर्षं चाललंय. मी इन्शुरन्स एजंट नाही, मला त्यातलं कोणी काही शिकवलेलंही नाही. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो, नवऱ्याचा स्वतःचा छोटासा सॉफ्टवेअरचा धंदा आहे, म्हणजे कंपनीचा इन्शुरन्स आम्हाला नाही, त्यामुळे तो मार्केटप्लेसचा, म्हणजे इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटचा, फॉर्म पहिल्यांदा स्वतःसाठी भरला, मग आईसाठी, मग मंडळातल्या एकीच्या सासऱ्यांसाठी, आणि मग कोणीतरी कोणाला सांगितलं की हिला ते सगळं जमतं. तेव्हापासून दिवाळीचा फराळ संपत नाही तोवर फोन सुरू होतात.

फॉर्म भरून झाला, चहा झाला, की उठताना काका-काकू हमखास विचारतात, "हे ओबामाकेअर टिकेल ना गं? काढून टाकणार म्हणतायत." आणि मी दरवर्षी म्हणायचे, टिकेल हो काका, पन्नासहून जास्त वेळा ठराव आणले रिपब्लिकनांनी इथल्या संसदेत, टिकलाच ना शेवटी. मागच्या नोव्हेंबरात पहिल्यांदाच माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी काकूंना म्हटलं, लाडू घ्या अजून एक. त्या समजल्या असाव्यात, कारण पुढे काही बोलल्या नाहीत.

हा कायदा म्हणजे अफोर्डेबल केअर ॲक्ट, ओबामांनी २३ मार्च २०१० ला सही केलेला, सगळे त्याला ओबामाकेअर म्हणतात. आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही, कारण इन्शुरन्स नोकरीतून मिळतो. नोकरी आहे तोवर तो कायदा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. मग एक दिवस ले-ऑफ होतो, किंवा गावाकडून आई-वडील ग्रीन कार्डवर येतात आणि कळतं की पासष्टीच्या वर असले तरी पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स, मिळत नाही, तेव्हा आमच्या टेबलाशी येतात.

माझा जीव त्यात का अडकलाय ते सांगते. मला चौतिसाव्या वर्षी संधिवात लागला, आरए म्हणतात तो. २०१२ च्या सुरुवातीला नवऱ्याने नोकरी सोडून धंदा सुरू केला. जुन्या कंपनीचा इन्शुरन्स पूर्ण पैसे स्वतः भरून दीड वर्ष चालवता येतो, कोब्रा म्हणतात त्याला, तो घेतला आणि तेवढ्यात स्वतःचा काहीतरी बघू म्हणून तिघांसाठी एका कंपनीत अर्ज केला. त्या अर्जात गेल्या दहा वर्षांत काय काय झालं ते सगळं लिहायचं होतं, कुठली औषधं, कुठल्या तपासण्या, बाळंतपण कसं झालं. मी सगळं खरं लिहिलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, अगदी सभ्य भाषेतलं, एका पानाचं. नवरा चालेल, मुलगी चालेल, तुमची मेडिकल हिस्टरी बघता तुम्हाला पॉलिसी देता येत नाही. बस. घरातली दोन माणसं घेतली आणि एक परत पाठवली. मी ते पत्र घडी घालून मसाल्याच्या कपाटात ठेवलं, का तिथे ठेवलं माहीत नाही, बहुतेक नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून, कारण धंदा सोडून परत नोकरी बघतो असं तो लगेच म्हणाला असता. म्हणालाच नंतर.

कोब्रा २०१३ च्या जूनमध्ये संपला. त्यानंतर जे काही मिळत होतं त्याचा हप्ता आमच्या आवाक्यातला नव्हता. सहा महिने मी इन्शुरन्सशिवाय काढले. मिरजेहून आई संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटच्या पट्ट्या पाठवायची, जो कोणी येणार असेल त्याच्याबरोबर, चिवड्याच्या पिशवीत घालून. ते औषध घेताना दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून लिव्हर बघावं लागतं, ते मी बघितलं नाही, सहा महिन्यांत एकदाही नाही. गोळी गिळताना दर वेळी उजव्या बरगडीखाली हात जायचा. आजही जातो कधी कधी.

मग १ ऑक्टोबर २०१३ ला ती सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि सुरू झाल्या झाल्याच कोसळली, पहिल्या दिवशी अख्ख्या देशात सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली असं नंतर बाहेर आलं. माझा फॉर्म नोव्हेंबरच्या शेवटी एकदाचा पुढे सरकला, रात्री दोन वाजता. वय विचारलं, पत्ता विचारला, घरात किती माणसं, उत्पन्न किती, तंबाखू ओढता का. आणि संपला. मी बॅक दाबून परत सगळी पानं बघितली, मला वाटलं माझ्याकडून काही सुटलं. आजार विचारणारा रकानाच नव्हता. मी त्या स्क्रीनसमोर किती वेळ बसले होते कुणास ठाऊक, नवरा उठून पाणी प्यायला आला आणि म्हणाला काय झालं, तर मला सांगताच येईना, मी नुसतं बोट दाखवलं, अरे विचारलंच नाही. मेथोट्रेक्सेट नाही, आरए नाही, काहीच नाही. ज्यांना कधी असं पत्र आलेलं नाही त्यांना हे कसं समजावून सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आई २०१५ मध्ये आली, बाबा गेल्यानंतर. सत्तर वर्षांची, डायबेटिस, ब्लड प्रेशर, आणि एक अँजिओप्लास्टी झालेली. तिची सगळी हयात मिरजेत गेली, आणि मिरजेच्या माणसाला हॉस्पिटलचं अप्रूप नसतं, गल्लोगल्ली डॉक्टर. मिशन हॉस्पिटल अमेरिकन मिशनचं, डॉक्टर वानलेसांनी १८९४ साली सुरू केलेलं. माझ्या आजीचं ऑपरेशन तिथेच झालं होतं आणि आईच्या मनात अमेरिका म्हणजे ते हॉस्पिटल, तिथल्या नर्सबाई, पांढऱ्या चादरी. ती इथे आली तीच हा समज घेऊन की जे लोक एवढ्या लांब येऊन आपल्याला बरं करत होते त्यांच्या स्वतःच्या घरी तर काय व्यवस्था असेल! मी तिला मार्केटप्लेसचा प्लॅन घेऊन दिला. व्हिजिटर इन्शुरन्स आधीचा आजार धरत नाही, म्हणजे हार्ट सोडून बाकी सगळी आई इन्शुअर्ड. या कायद्याने मात्र तिला हार्टसकट घेतलं.

त्यामुळे २०१७ चं वर्ष आमच्या घरात कसं गेलं ते विचारू नका. मे महिन्यात हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, रिपीलचं, म्हणजे हा कायदा रद्द करायचं, बिल २१७ विरुद्ध २१३ ने पास झालं, सीबीओने, म्हणजे संसदेच्याच बजेट ऑफिसने, हिशेब मांडला की दहा वर्षांत २ कोटी ३० लाख जास्त लोक इन्शुरन्सविना होतील, मी रोज सिनेटरांच्या ऑफिसला फोन करायचे, झिप कोड सांगायचे, नाव सांगायचे, पलीकडची मुलगी थँक यू म्हणून ठेवून द्यायची. आई एकदा ऐकत होती. म्हणाली, "सरकार बदललं म्हणून कोणी चालू औषध बंद करतं का गं?" मी तिला काय सांगणार, करतात म्हणून?

२७ जुलैच्या रात्री आम्ही दोघी सिनेटचं कामकाज दाखवणारं सी-स्पॅन चॅनेल लावून बसलो होतो. तिला इंग्रजी भाषणं फारशी कळत नव्हती पण झोप येत नव्हती. दीड वाजला असेल. मॅकेन, रिपीलवाल्या रिपब्लिकन पक्षाचेच सिनेटर, ज्यांना ब्रेन कॅन्सर झाल्याचं आठच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं, ते पुढे आले, हात लांब केला, आणि अंगठा खाली. सभागृहात श्वास रोखल्याचा आवाज आला, तो टीव्हीवरही ऐकू आला. बिल पडलं, ४९ विरुद्ध ५१. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोवस्की या त्याच पक्षाच्या दोघी आधीपासून ठाम उभ्या होत्या, त्यांच्याशिवाय त्या अंगठ्याचा काही उपयोग झाला नसता, पण लक्षात राहिला अंगठा. आमच्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी रिपीलच्या बाजूने मत दिलं होतं. मी रडत होते आणि आई म्हणाली, "पास झालीस की नापास?" मी म्हटलं पास. ती देवाला नमस्कार करून झोपायला गेली.

त्या रात्रीनंतर मला वाटलं झालं, आता याला काही होत नाही. पुढे इन्शुरन्स न घेणाऱ्यांच्या दंडाचं कलम शून्यावर आणलं, टेक्सासने कोर्टात खेचलं, सुप्रीम कोर्टात तिसऱ्यांदा गेलं आणि २०२१ मध्ये सात विरुद्ध दोनने तिथूनही सुटलं. त्याच वर्षी सबसिडी वाढवली, आपल्या उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता भरायचा नाही असं ठरलं. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या नॉर्थ कॅरोलायनाने सुद्धा, दहा वर्षं नाही नाही म्हणून शेवटी मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी इन्शुरन्सची, व्याप्ती वाढवली, वर्षभरात सहा लाखांवर लोक आत आले. आमच्याकडे साफसफाईला मदत करायला यायची ती बाई त्यात होती, पहिल्यांदा मॅमोग्राम करून आली आणि मला फोटो दाखवला, मॅमोग्रामचा नव्हे, तिच्या इन्शुरन्स कार्डाचा. मी त्या वर्षी काकांना अगदी छातीठोकपणे सांगत होते, टिकेल हो.

मग आता एवढी निराश का झाले?

कारण आता रिपील हा शब्दच कोणी वापरत नाही. २०१७ मध्ये एक बिल होतं, एक तारीख होती, एक रात्र होती, सगळ्यांना कळत होतं की आज ठरणार, म्हणून लोक रस्त्यावर आले, व्हीलचेअर घेऊन सिनेटच्या दारात बसले. आता तशी रात्रच येणार नाही. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी सही केलेल्या त्या मोठ्या बिलात टॅक्सच्या कलमांच्या मागे हे सगळं आहे, तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी. एक १ जानेवारी २०२६ पासून, एक १ जानेवारी २०२७ पासून, काही त्याच्याही पुढे. सीबीओचाच आकडा आहे की २०३४ पर्यंत त्याने एक कोटी लोक बाहेर पडतील. पण ते एक कोटी एका दिवशी पडणार नाहीत ना. कोणी मार्चमध्ये, कोणी पुढच्या वर्षी, कोणी कागद हरवला म्हणून, आणि ज्याचं त्याला वाटत राहणार की आपलंच काहीतरी चुकलं.

मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवायचं, हा २०२७ चा नियम. ऐकायला काय वाईट आहे, माझा नवराच म्हणाला, काम करणाऱ्याला काय प्रॉब्लेम. पण आर्कान्सामध्ये २०१८ ला हे करून बघितलंय. तास ऑनलाइन भरायचे होते आणि ती वेबसाइट रोज रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत बंद असायची. दिवसभर राबणाऱ्या माणसाने भरायचे तरी कधी? काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोक बाहेर गेले, त्यातले कितीतरी काम करणारे होते. कोर्टाने पुढच्या वर्षी ते थांबवलं म्हणून तेवढ्यावर भागलं. मी फॉर्म भरणारी बाई आहे, मला माहितीये एक पे-स्टब अपलोड न झाल्याने माणूस कसा लटकतो. आणि अशा लोकांना मदत करायला जे नॅव्हिगेटर असतात त्यांचा पैसा नव्वद टक्के कापून वर्षाला १ कोटी डॉलरवर आणलाय, केंद्राची वेबसाइट वापरणाऱ्या सगळ्या राज्यांत मिळून.

सिनेटर टिलिस आमचेच, २०१७ ला रिपीलला मत देणारे. २०२५ च्या जूनअखेर तेच सिनेटमध्ये उभे राहिले आणि विचारलं की माझ्या राज्यातले ६ लाख ६३ हजार लोक दोन-तीन वर्षांनी मेडिकेडमधून बाहेर फेकले जातील तेव्हा मी त्यांना काय सांगू. मी ते भाषण दोनदा ऐकलं. आठ वर्षांत या कायद्याने एका विरोधकाला आपल्या बाजूने उभं केलं होतं, याहून मोठा विजय तो काय. पण त्याच दिवशी त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असंही जाहीर केलं होतं, आणि बिल ५१-५० ने पास झालंच. शिवाय आमच्या राज्याच्या कायद्यात आधीच लिहून ठेवलंय की केंद्राचा ९० टक्क्यांचा वाटा कमी झाला तर ही वाढीव मेडिकेड बंद करायची. म्हणजे बंद करायला वेगळं मतदान सुद्धा लागणार नाही.

टेबलाशी येणाऱ्या काका-काकूंना मात्र वेगळ्याच कलमाने गाठलं. ज्यांचं टॅक्स रिटर्न मुलांपासून वेगळं, उत्पन्न म्हणजे भारतातली पेन्शन, इथल्या गरिबीरेषेच्या खाली, आणि पाच वर्षं झाली नाहीत म्हणून मेडिकेड नाही, अशांना आजवर सबसिडी मिळायची. २०२६ च्या १ जानेवारीपासून ती बंद. म्हणजे उत्पन्न फार कमी आहे म्हणून मदत नाही. मला हे एका रिटायर्ड हेडमास्तरांना सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, स्क्रीन स्वतः वाचली आणि म्हणाले, "बरं, मग आम्ही परत जाऊ." मुलगा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही आणि मी प्रिंटरकडे गेले, प्रिंट काही काढायची नव्हती तरी.

आमचं स्वतःचं सांगायचं तर आम्ही एकोणसाठ आणि सत्तावन्न. वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४३ दिवस सरकार बंद राहिलं, डिसेंबरात सिनेटमध्ये मुदतवाढीला ५१ मतं पडली, पण लागत होती ६०. आमचा हप्ता ६०९ डॉलर होता. रिन्यूअलच्या पत्रात २,१८० लिहिलेलं होतं, महिन्याला. दोघांसाठी २०२६ ला ८४,६०० डॉलरची रेष आहे, त्याच्या वर एक डॉलर कमावला तरी सबसिडी शून्य. नवरा, ज्याने धंदा वाढावा म्हणून चौदा वर्षं रात्रंदिवस घातली, तो वहीत हिशेब करत होता की कुठलं काम यंदा नाकारायचं म्हणजे आपण रेषेच्या खाली राहू. एक क्लायंट सोडला तर जमेल म्हणाला, पण दिवाळीत त्याच क्लायंटने मिठाईचा डबा पाठवला होता, त्याला कसं नाही म्हणायचं. शेवटी १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, मुदत संपायला एक दिवस असताना, ब्राँझ प्लॅन घेतला. १,५६० चा हप्ता, आणि खरंच काही झालं तर वर्षाला २१,२०० डॉलरपर्यंत स्वतःचे. मला पॉलिसी नाकारता येत नाही, हे कलम अजून जसंच्या तसं आहे. मला कोणी पत्र पाठवणार नाही. फक्त मला परवडत नाही एवढंच.

मिरजेला भावाला सांगत होते तर तो म्हणाला, अगं आपल्याकडे सरकार बदललं की पाटी बदलतात, राजीव गांधी जीवनदायीची महात्मा फुले झाली, लोक तिथेच जातात, ऑपरेशनं होतात. २०१७ लाच बदललं होतं ते नाव. मला खरंच वाटलं, तसं तरी करा. ज्याचं नाव द्यायचंय त्याचं द्या, केंटकीत तर तिथल्या मार्केटप्लेसचं नाव कायनेक्ट, ते म्हटलं की लोकांना आवडायचं आणि ओबामाकेअर म्हटलं की नको वाटायचं, एकच गोष्ट असून. नाव पुसा, श्रेय घ्या, पण त्या फॉर्ममधून गाळलेला रकाना परत आणू नका आणि माणसं अशी एकेक करून गाळू नका. पण नाव ठेवून आतलं काढून घ्यायचं ठरलेलं दिसतंय, आणि त्याच्याविरुद्ध कुठल्या रात्री जागायचं तेच मला कळत नाही.

मागच्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. यंदा वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, भारतातून मागवून. पंचवीसेक जणी आल्या, तिळगूळ झाला, उखाणे झाले, आई खुर्चीत बसून सगळ्यांना ओटीतलं काय काय विचारत होती. आईचं बरं चाललंय, तिला २०२० पासून मेडिकेअर आहे. बायका निघायला लागल्या तेव्हा एक मैत्रीण मागे राहिली, भांडी आवरायला मदत करते म्हणून. नवरा एकसष्टचा, गेल्या वर्षी नोकरी गेली, कन्सल्टिंग करतो. सिंकपाशी उभी राहून, नळ चालू ठेवूनच म्हणाली, आम्ही यंदा घेतला नाही इन्शुरन्स. चारच वर्षांचा प्रश्न आहे, मग मेडिकेअर. मी म्हटलं अगं, चार वर्षं? ती म्हणाली, "हो ना." मग थोड्या वेळाने, ताट पुसता पुसता, "आईंची ती बीपीची गोळी, पाचचीच आहे ना? ह्यांची संपत आलीये. गोळी काही महाग नाही गं, पण बघितल्याशिवाय डॉक्टर रिफिल देत नाही, आणि आत्ता लगेच ती व्हिजिट नको वाटते."

मी आत गेले. आईच्या कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा असतो, मिरजेहून येणाऱ्या पट्ट्या ती अजूनही त्यात साठवते, इथे सगळं मिळत असताना सुद्धा. मी किती वेळा रागावलेय, कशाला हव्यात गं, एक्स्पायर होतात. ती पलंगावर बसून होती, साडी बदलायची होती तिला. मी डबा काढला तर म्हणाली, कोणाला? मी सांगितलं. तिने चष्मा लावला, पट्ट्या एकेक करून उजेडात धरल्या, मागची तारीख वाचली, दोन बाजूला ठेवल्या, तीन माझ्या हातात दिल्या. मग वाणाची एक वाटी मागून घेतली, तिच्या तळाशी पट्ट्या दुमडून घातल्या, वर तिळाचे लाडू ठेवले आणि म्हणाली, असं दे, तिला संकोच वाटायला नको.